पुरं करा आता

विमलकाकूंच्या पलंगाशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसण्यातून मिताली गजभियेला काय काय मिळायचं होतं, हे तिने कुठे लिहून ठेवलं नव्हतं. पण विचारलं असतं तर तिने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. प्रबंधाचं चौथं प्रकरण. एम. ए.च्या शेवटच्या सत्रातली बारा क्रेडिट्स. एप्रिलमधल्या परिषदेत पंधरा मिनिटं. मार्गदर्शक माथुर मॅडमचं शिफारसपत्र, आणि त्या पत्राच्या जोरावर परदेशातली पीएच. डी.ची एक जागा, जिच्यासाठी तीनशेजण अर्ज करणार होते आणि त्यांतल्या दोनशे नव्व्याण्णवांकडे विमलकाकू नव्हत्या. शिवाय एक घरगुती लाभ. जैवनीतिशास्त्र आणि वैद्यकीय मानव्यविद्या म्हणजे नेमकं काय, आणि ते शिकून माणूस डॉक्टर होतो की नाही, असं दोन वर्षं विचारणाऱ्या आईला आता सांगता येत होतं की मी हॉस्पिटलात जाते. आई शेजारणीला सांगायची, मिताली हॉस्पिटलात असते. उरलेलं शेजारीण आपल्या मनाने भरून घ्यायची. विमलकाकूंना काय मिळायचं होतं? माहितीपत्रकातला सहावा मुद्दा: 'या सहभागातून आपल्याला थेट लाभ होणार नाही.' हे वाक्य हिंदीतून मराठीत करताना मिताली अडखळली होती, तेव्हा काकूच म्हणाल्या होत्या, "असू दे गं पोरी. तू जवळ बसतीस, तेवढं पुष्कळ हाय."

संक्रांतीच्या दुपारी जयपूरच्या बनी पार्कातल्या एका गेस्टहाउसच्या गच्चीवर मराठी मंडळाची पंगत बसली होती, तेव्हा काकूंना जाऊन दोन महिने होत आले होते आणि चौथं प्रकरण जवळजवळ तयार होतं. आकाशात पतंगांची गर्दी, प्रत्येक गच्चीवर भोंगा, आणि दर मिनिटाला कुणीतरी कुणाचा तरी काटल्याची आरोळी. मितालीच्या शेजारी तन्मय बसला होता, पुण्याचा, सहा महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी जयपूरला आलेला. मेस चालवणाऱ्या अमितामावशी गुळपोळी वाढत आल्या. तन्मयने ताटावर पंजा पसरला. "पुरे मावशी, पुरे." मावशींनी त्याच्या बोटांवरच पोळी ठेवली. मिताली हसली. "एक तर पूरे, म्हणजे सगळेच, मागतोस, वरून ताट झाकतोस. मतलब, त्यांनी द्यायची का नाही द्यायची?" तन्मयने तिच्याकडे नीट बघितलं. "पूरे नाही गं बाई, पुरे. म्हणजे बस. नको आता. मराठी ना तू?" ती म्हणाली, "आमच्या घरी 'बस झालं' म्हणतात." "तुम्ही मूळचे गोंदियाचे, आणि तू तर इथेच वाढलेली. माझी आत्या साताऱ्याकडची, ती 'पुरं' म्हणते. 'पुरं कर आता' असं आत्या म्हणाली की समजायचं, पुढचं वाक्य हाताने येणार." आसपासची चारजणं हसली. मितालीचा घास तोंडातच राहिला. बोटांवरचं तूप थिजत गेलं आणि गूळ जिभेवर वाळूसारखा झाला. आधी कान गरम झाले, मग तळवे गार पडले. शरीराच्या अशा बारक्या हालचाली टिपायचं शिक्षण तिला दोन वर्षं मिळालं होतं, त्यामुळे तिने त्याही टिपल्या. मग विद्यार्थिनीच्या कोरड्या आवाजात तिने विचारलं, "पण 'पुरं करा' मतलब, पूर्ण करा, असं पण असतं ना?" तन्मय दुसऱ्या पोळीशी झुंजत म्हणाला, "असतं की. 'काम पुरं कर', असं म्हणतात. पण नुसतंच 'पुरं करा आता', तेही वैतागून? ते थांबवाच." ते 'असतं की' मितालीने उचलून ठेवलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तिला तर कोशातला अख्खा एक अर्थ मिळाला होता.

सप्टेंबरात काकूंचे केमोचे तीन डोस झाले होते आणि तीन बाकी होते. गर्भाशयाजवळ सुरू झालेला आजार पोटभर पसरला होता. औषधं रेल्वेच्या कार्डावर होती, म्हणजे खर्चाचा प्रश्न नव्हता, आणि प्रश्न नसला की थांबायला निमित्तही नसतं. बळवंतकाका रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेली. त्यांची हिंदी मारवाड्याला लाजवेल अशी. काकू मात्र सासू जाईपर्यंत माण तालुक्यातल्या म्हसवडलाच राहिल्या आणि साठीनंतर जयपूरला आल्या; त्यांची हिंदी भाजीवाल्यापाशी सुरू होऊन तिथेच संपायची. आजारात तीही गेली. वॉर्डातल्या नर्स केरळच्या, डॉक्टर इथले, आणि काकू म्हणजे मराठीचं एक बेट. मितालीच्या अर्जावर 'भाषा' या रकान्यात मराठी होती आणि बोलता, वाचता, लिहिता अशा तिन्ही चौकोनांत बरोबरची खूण होती. ती खूण करताना तिने खोटेपणा केला नव्हता. मराठी ही तिच्या घरी होती, जशी माळ्यावर मोठी पातेली असतात. आहेत, आपलीच आहेत, रोज लागत नाहीत. तिच्या प्रबंधाचा विषयच होता, 'परक्या भाषेतल्या रुग्णालयात रुग्णाची संमती'. माथुर मॅडम म्हणाल्या होत्या, "तुम तो खुद पुल हो, मिताली." पूल व्हायला कुणाला आवडणार नाही? लोक त्याच्यावरून जातात आणि तो मजबूत आहे का, हे कोणी उतरून बघत नाही.

काकू तिच्या मोबाइलसमोर बोलायच्या. रेकॉर्डरचं लाल टिंब दिसलं की थोडा पदर सारखा करायच्या, जसा फोटोसाठी करतात. बोलायच्या त्या म्हसवडचं. धाकट्या बहिणीच्या अंगणातलं ऊन, ज्वारीची भाकरी, खरडा, कडब्याचा वास. "हितलं ऊनसुदिक वायलं हाय," म्हणायच्या, "अंगाला लागतं, पण वळखत न्हाई." मिताली मान डोलवायची. निम्मं कळायचं, निम्मं ती नंतर लिहिताना अंदाजाने कळवून घ्यायची, आणि काकूंचं बोलणं असं काही गोड होतं की अंदाजसुद्धा सुरेख उतरायचे. त्या दिवशी डॉक्टर रणजीत शेखावत दुपारच्या फेरीला आले तेव्हा बळवंतकाका खाली रक्ताचे रिपोर्ट आणायला गेले होते. डॉक्टर घाईत नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवं. वाईट माणूस सापडला असता तर मितालीला नंतर फार सोपं गेलं असतं. ते पलंगाच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "माताजी से पूछो, क्या चाहती हैं. दवा का असर थोड़ा-थोड़ा है. बाकी तीन भी देंगे, तो शायद चार-पाँच महीने. न लें, तो डेढ़-दो. पर घर जाना हो तो अभी जा सकती हैं, अगले महीने ट्रेन में नहीं बैठ पाएँगी." मितालीने हे जमेल तसं सांगितलं. काकूंनी डोळे मिटले. हात चादरीतून बाहेर आला आणि तळवा पालथा करून हवेत थोडा पुढे सरकला. "पुरं करा आता," त्या म्हणाल्या. "मग म्हसवडला न्या मला." लाल टिंब चालू होतं. मिताली वळून डॉक्टरांना म्हणाली, "कह रही हैं, पूरा करो. फिर गाँव ले चलो." डॉक्टरांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. "हिम्मतवाली हैं." फाइलमध्ये त्यांनी लिहिलं की रुग्णाची उर्वरित उपचार पूर्ण करण्याची इच्छा आहे, दुभाष्यामार्फत विचारले. अर्ज हिंदीत होता. मितालीने जिथे बोट ठेवलं तिथे काकूंनी 'विमल' लिहिलं. ल ची शेपटी चौकटीबाहेर गेली. त्या जरा हसल्यासुद्धा. त्यांना वाटलं असणार, घरी जायचा कागद.

गच्चीवरून मिताली खाली कशी उतरली, तिला आठवत नव्हतं. पण काकूंचं ते हसणं, जे तिने प्रकरणात 'निर्णयानंतरची प्रसन्नता' म्हणून घातलं होतं, ते रस्ताभर तिच्यासोबत चालत होतं. पुढचे दिवसही उलगडत गेले, उसवलेल्या शिवणीसारखे, एक टाका सुटला की पुढचा. चौथा डोस लावायला नर्स आली तेव्हा काकूंनी नवऱ्याकडे बघितलं होतं, मग मितालीकडे, मग बाटलीकडे. ते बघणं मितालीने वहीत 'भीती आणि विश्वास' असं नोंदवलं होतं. चौथ्या दिवशी तोंड आतून सोलवटलं आणि पाणी पितानाही काकू कण्हू लागल्या. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुला सांगितल्यालं ना गं पोरी." मितालीला वाटलं, सकाळी वेणी घालायची राहिली ते म्हणतायत. तिने फणी आणली. फणीत केसांचा झुबकाच आला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून तिने ओढणीत लपवला. त्यानंतर काकू लाल टिंबासमोर बोलल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडायच्या. माथुर मॅडमना ही गोष्ट विलक्षण वाटली होती. "यह मौन बहुत कीमती है," त्या म्हणाल्या होत्या, आणि मितालीने मौनावर साडेचार पानं लिहिली होती, सत्तावीस संदर्भांसह. पाचवा डोस ऑक्टोबरात झाला. सहाव्याची वेळ आली नाही. 'पुरं करा आता'पासून शेवटच्या श्वासापर्यंत त्रेपन्न दिवस. औषध न घेतल्यास डॉक्टरांनी सांगितले होते जवळपास तितकेच. फरक एवढाच की ते अंगणातले होते आणि हे सुयांचे झाले.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या वाचनालयात, दुपारच्या उजेडात, हेडफोन लावून तिने ती फाइल ऐकली. अकरा मिनिटं चाळीस सेकंदांवर ते वाक्य होतं. पंचवीस वेळा ऐकलं. दहाव्यांदा तिला 'पूरा' ऐकू आलं आणि हायसं वाटलं, पंधराव्यांदा पुन्हा 'पुरं' आलं. आवाजात हात दिसत नाही, ही तिला मोठी सवलत वाटली. पण हात तिला दिसत होता. ताट पुढे सरकवताना करतात तसा तळवा. तिने कोश काढला. पुरा करणे: समाप्त करणे, तडीस नेणे. हा अर्थ खरोखरच होता. त्यावर एक तळटीप उभी राहू शकत होती, कदाचित एक स्वतंत्र लेखही, आणि ही कल्पना सुचल्याबरोबर आपण तिला नावसुद्धा देऊन मोकळ्या झालो, 'संदिग्धतेची नैतिकता', हे लक्षात येऊन मितालीने हेडफोन काढून ठेवले. समोरच्या टेबलावर निमिष नावाचा तिचा वर्गमित्र परीक्षेसाठी रुग्णाच्या स्वायत्ततेची चार लक्षणं पाठ करत होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिला एकदम वाटलं, त्याच्याजवळ जाऊन सांगावं. पण काय सांगणार? माझ्या मातृभाषेतला एक शब्द मला येत नव्हता, आणि तो एका बाईने एकदाच वापरला.

माथुर मॅडमना मात्र तिने सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, डोळे चोळले, खरंच हळहळल्या. आणि मग, माणूस दुःखात असतानाही दाराची बेल ऐकतोच तसं, त्यांचा चेहरा बदलला. "मिताली, तुम समझ रही हो यह क्या है? दुभाषी खुद गलत, और दुभाषी ही शोधार्थी. ऐसा चैप्टर तो..." पुढचं त्यांनी गिळलं. मितालीला ते गिळलेलं कळलं, कारण गच्चीवरून घरी येताना, रेल्वे फाटकापाशी मालगाडीसाठी थांबलेली असताना, तिच्याही घशाशी तेच आलं होतं. चूक झाली म्हणून प्रकरण पडणार नव्हतं. उलट वधारणार होतं. "लेकिन परिवार की लिखित अनुमति लगेगी," मॅडम म्हणाल्या. "जो लिखोगी, वही पढ़कर सुनाना. नहीं तो पूरा इंटरव्यू निकालना पड़ेगा, नियम है. दस तारीख तक जमा है." मितालीने मान हलवली. 'पूरा' हा शब्द मॅडमच्या तोंडी इतक्या सहज आला की तारीख लिहून घेताना तिने ती दोनदा चुकवली. सांगायचंच, असं तिने ठरवलं. कुणाला तरी तोंडावर सांगून त्याच्याकडून शिव्या खायच्या, म्हणजे तेवढा भाग तरी फिटेल.

बळवंतकाका बनी पार्कातच, मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचे. सकाळचे अकरा वाजले होते. काका बनियनवर स्वेटर घालून शेंगा सोलत बसले होते. खाटेखाली एक कापडी पिशवी दिसत होती, वर तोंडाशी हिरव्या लुगड्याची घडी. काकूंनी म्हसवडला जायला म्हणून ऑगस्टातच भरून ठेवलेली. "ये मितालीजी," काका म्हणाले. ते तिला जी लावायचे, अर्धं थट्टेने. "झालं का पुस्तक?" "पुस्तक नाही काका. प्रबंध. सही पाहिजे तुमची." "दे की. आयुष्यभर गाडीच्या कागदावर सह्याच केल्या." "आधी मी वाचून दाखवते. मतलब, दाखवावंच लागतं." तिने कागद काढला. वाचताना आवाज स्वच्छ निघाला, आणि त्या स्वच्छपणाचा तिला राग आला. "रुग्णाने म्हटले, 'आता थांबवा. मग मला म्हसवडला न्या.' दुभाष्याने त्याचा अर्थ उपचार पूर्ण करा असा सांगितला. दुभाषी चुकली." ती थांबली. "काका, दुभाषी मतलब मी. मला पुरं माहीत नव्हतं. मला वाटलं..."

काकांनी एक शेंग फोडली. दाणे तळहातावर घेऊन फोलपटं फुंकली. "हे नको लिहू," ते म्हणाले. "आधी लिहिलं व्हतंस तेच ऱ्हाऊ दे." "काका, ते चूक आहे." "मला म्हाईत हाय." "नाही, तुम्ही समजला नाही..." "समजलोय." त्यांनी वर बघितलं. "मी रिपोर्ट घिऊन आलो तवा तू मला काय म्हनलीस? आठव." मितालीला आठवलं. ती धावत दारापर्यंत गेली होती. काका, काकू म्हणाल्या पुरं करा, तीनही डोस. काका थांबले होते. काकूंकडे बघितलं होतं. तिला वाटलं होतं, भरून आलं त्यांना. मग म्हणाले होते, तशी म्हनली का? मग करू या. "चाळीस वर्सं हिंदीत काढली मी," काका म्हणाले. "तुला काय ऐकू आलं ते मला तिथंच कळालं. आन ती काय बोलली तेबी कळालं. मला ती घरी रोजच म्हनत व्हती, पुरं करा आता, पुरं करा. मी म्हनायचो, डॉक्टरला इचारू. मग डॉक्टरनं इचारलं, आन तू असं सांगितलंस. मला वाटलं, बरं झालं. माझ्या तोंडून न्हाई गेलं. पोरीच्या तोंडून गेलं."

खालून गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. मितालीने काहीतरी विचारायला हवं होतं. चांगला मुलाखतकार अशा वेळी गप्प राहतो, असं तिला शिकवलं होतं, आणि ती गप्प राहिली, आणि आपण शिकवल्याप्रमाणे गप्प आहोत हेही तिला दिसलं. "म्हसवडला निऊन काय करनार व्हतो मी?" काका म्हणाले. "तिची भन, तिचं अंगान, तिचे लोक. ती मरनार, आन मी पावना म्हनून बघनार. हितं निदान माझी व्हती. आन वाटायचं, औशिद लागू पडंल. पडतं की कुनाला तरी." दाणे त्यांनी खाल्ले नाहीत, पुन्हा टरफलांत टाकले. "सुवर्णाला, माझ्या लेकीला, मी सांगितलंय, आईनंच डोस मागितलं. ती मास्तरीन हाय साताऱ्याला. तू लिवलेलं ती वाचनार. खाली बारीक अक्षरातबी नको काही. गार्ड व्हतो मी, बारीक अक्षर आधी वाचायची सवय असती." मग ते मितालीकडे बघत राहिले. रागावून नाही. दोन फेरीवाले संध्याकाळी एकमेकांच्या टोपलीत बघतात तसं. "तसं असंल तर सही करतो. न्हाईतर न्हाई."

ती जिना उतरली नाही, बसून राहिली, आणि डोकं मुद्देवार चालू लागलं. खरं लिहायचं तर कुटुंबाची संमती नाही, म्हणजे नियमाने लिहिता येत नाही. मुलाखतच काढली तर प्रकरण जातं, आणि काकूंचं ऊन, भाकरी, खरडा सगळंच जातं. खोटं लिहायचं तर संमती आहे, सही आहे, तारीख आहे. दोन वर्षं ती जे शिकली त्यातलं एकही कलम मोडत नव्हतं. कुणीतरी आपल्याला दटावावं, असं तिला फार वाटलं, म्हणजे निदान उलट बोलता आलं असतं. काकांनी शेंगा बाजूला सारल्या आणि पेन मागितलं. तिने मूळचा, आधीचा कागद पिशवीतून काढला. तो तिने सोबत आणला होता. का आणला होता, हे तिने स्वतःला विचारलं नाही. काकांनी गुडघ्यावर धरून, गार्डाच्या वळणदार अक्षरात सही केली आणि विचारलं, "चहा घेशील ना?" ती हो म्हणाली.

प्रकरण नवव्या तारखेलाच जमा झालं. चौऱ्याऐंशी पानं, मौनावरची साडेचार धरून. माथुर मॅडमनी पुन्हा एकदाच विचारलं, "परिवार नहीं माना?" आणि उत्तराची वाट न बघता पत्राचा मसुदा उघडला. डॉक्टर शेखावतांच्या फाइलीत रुग्णाची इच्छा नोंदलेली आहे आणि ती पाळली गेली आहे. काकांना त्रेपन्न दिवस मिळाले, बायको जवळ, निर्णय आपला नाही. सुवर्णाला अभिमान वाटावा अशी आई मिळाली. मितालीला जे जे मिळायचं होतं ते मिळत चाललं आहे, आणि रोज जेवताना आई वाढायला आली की ती ताट उचलून मोरीत जाते, एवढं सोडलं तर तिचं काही गेलेलं नाही. भरलं ते विमलकाकूंनी एकटीने. दिवस भरले, केस भरले, तोंडाची कातडी भरली, म्हसवडचं ऊन भरलं. आणि एवढं सगळं घेऊनही काही कमी पडलं म्हणून की काय, त्यांनी निर्णयाचा म्हणून जो एक शब्द उच्चारला होता, तोही चौऱ्याऐंशी पानांत कुठे ठेवलेला नाही.